बाजीची रग पळवून जिरणार नाही

पत्र : नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं. थोरली चौथीत, धाकटा पहिलीत. मिस्टरांनी हौसेनं बेल्जियन मॅलिनोइस जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं, बाजी नाव ठेवलं. आता साडेचार महिन्यांचा आहे. हुशार इतका की 'बस' लगेच शिकला. पण संध्याकाळ झाली की अंगात आल्यासारखा करतो. मुलं पळाली की मागून घोटा धरतो, सासूबाईंच्या पदराला लोंबकळतो. मागच्या आठवड्यात धाकट्याच्या पोटरीला दात लागून रक्त आलं. मिस्टर रोज पहाटे त्याला ॲक्टिव्हामागे हरिपूर रोडला पळवून आणतात, तरी दमत नाही, उलट जास्तच करतो. शेजारचे म्हणतात, दोन रट्टे द्या, सुतासारखा सरळ येईल. सासूबाई म्हणतात, तासगावच्या मळ्यावर नेऊन बांधा. तिथं पूर्वी कारवान जातीचा कुत्रा होता, त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं तरी किती शहाणा होता. माझा जीव जडलाय त्याच्यावर, पण भीतीही वाटते. हा घरात राहण्यासारखा होईल का?

ताई, बाकी सगळं नंतर, आधी धाकट्याच्या पोटरीचं बोलू. रक्त आलं तेव्हा डॉक्टरांना दाखवलं होतं का, ते पत्रात नाही. दाखवलं नसेल तर आजच जा. आठवडा उलटून गेला, आता काय उपयोग, असं म्हणू नका. घरातलंच पिल्लू आहे, त्याची लस झालीय, असल्या भरवशावर रेबीजच्या बाबतीत राहायचं नसतं. पिल्लाला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांनंतर देतात, म्हणजे बाजीची झाली असली तरी अगदी अलीकडे. त्याचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या. माणसाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. रक्त आलं होतं हे स्पष्ट सांगा, म्हणजे लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, द्यायचं का ते डॉक्टर ठरवतील. यापुढे घरात कुणालाही दात लागून नुसती साल निघाली तरी वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

आता तुमचा प्रश्न. होईल, बाजी घरात राहण्यासारखा नक्की होईल. पण त्यासाठी घरातल्या एका मोठ्या माणसानं पुढचं वर्ष-दीड वर्ष रोज तासभर तरी त्याला दिला पाहिजे, आणि तो तास पळवण्यात घालवायचा नाही.

शेजारी, सासूबाई आणि मिस्टर तिघांचे उपाय वेगळे असले तरी समज एकच दिसतो : बाजीच्या अंगात रग जास्त झालीय, ती मारून, बांधून नाहीतर पळवून जिरवली पाहिजे. या जातीची रग जिरत नाही हो. ती जिरू नये म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या निवडून ही पैदास केलेली आहे. बेल्जियममधल्या मेखेलेन शहराच्या आसपासचा हा मेंढपाळांचा कुत्रा. दिवसभर कळपाच्या कडेनं ये-जा करायची, एक कान मालकाच्या शब्दाकडे ठेवायचा आणि जे हललं त्याच्यावर झेपावायचं, यासाठी तो घडला. आपल्याकडचे धनगरांचे कुत्रे मेंढवाड्याजवळ बसून लांडग्यापासून राखण करतात. मेंढरं हाकायचं काम त्यांचं नाही. बाजीच्या पूर्वजांचं काम हाकण्याचंच होतं. पळणाऱ्या घोट्याला दात लावणं हे त्याच्या दृष्टीनं कामावर हजर होणं आहे. त्यात राग नाही, दुष्टपणा नाही, 'अंगात येणं' तर मुळीच नाही.

सासूबाईंना कारवानची आठवण येणं मी समजू शकते. फार देखणा आणि गुणी कुत्रा. पण तो नजरेनं शिकार धरणारा. ससा दिसला की सुटायचं, हाती लागो वा निसटो, परत येऊन बाभळीच्या सावलीत ताणून द्यायची. मळ्यावर त्याला कुणी शिकवलं नाही कारण त्याला माणसाकडून फारसं काही नकोच होतं. बाजीला माणूस हवा असतो. त्याला साखळीनं मळ्यावर बांधलात तर महिन्या-दोन महिन्यांत तो गोल गोल फिरायला लागेल, स्वतःचं शेपूट चावायला लागेल, येणाऱ्या-जाणाऱ्यावर तुटून पडेल. मग त्याला खरोखरच कुणी सोडू शकणार नाही.

एनएसजी, आयटीबीपी, सीआरपीएफ या सुरक्षा दलांनी हीच जात निवडली ती याच गुणांसाठी. तिथले व्हिडिओ पाहून हौस वाटते, साहजिक आहे. पण तिथं प्रत्येक कुत्र्याला हँडलर असतो आणि कुत्रा सांभाळणं हीच त्याची नोकरी असते. बंगळुरूजवळ तरलू इथं सीआरपीएफनं त्यासाठी अख्खं प्रशिक्षण केंद्र उभं केलंय. तुमच्याकडे नोकरी, शाळेचे डबे, सासूबाईंची औषधं आणि त्यातून उरलेला वेळ. एवढ्यातही जमतं, फक्त तो वेळ योग्य ठिकाणी लागला पाहिजे.

म्हणून ॲक्टिव्हामागचं पळवणं उद्यापासून बंद. याला दोन कारणं. या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा मऊ भाग असतो, तो एवढ्या मोठ्या जातीत साधारण वर्ष ते दीड वर्षानं पक्का होतो. तोवर डांबरी रस्त्यावर एका लयीत पळवलं की सांध्यांची कायमची वाट लागू शकते. दुसरं म्हणजे मिस्टर रोज त्याचा दम वाढवतायत. आज जेवढ्या अंतरानं थोडा तरी दमतो, पुढच्या महिन्यात त्याच अंतरानं त्याचा नुसता वॉर्म-अप होईल. पहिलवानाला रोज जोर-बैठका काढायला लावायच्या आणि तो घरात गप्प बसत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा, तसं चाललंय.

त्याऐवजी पहाटेची ती वेळ नाकाच्या कामाला द्या. आठ-दहा मीटरची लांब दोरी घ्या, पडीक रान किंवा मोकळं मैदान बघा, आणि त्याला त्याच्या चालीनं हुंगत फिरू द्या. सकाळच्या खाण्यातलं मूठभर गवतात विखरून टाका आणि शोधू द्या. वीस मिनिटं नाकानं काम केलेलं पिल्लू घरी येऊन जसं झोपतं तसं पळवलेलं झोपत नाही. हरिपूरच्या बाजूला जातच असाल तर एक सांगते, नदीत पोहायला सोडू नका. कृष्णेत मगरी आहेत हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, पण कुत्रा पाण्यात घालताना माणसं विसरतात.

संध्याकाळच्या धिंगाण्याचं मूळ बहुतेक झोपेत आहे. या वयाच्या पिल्लाला दिवसाकाठी सोळा-अठरा तास झोप लागते. तुमच्या घरात दुपारी मुलं शाळेतून येतात, दार वाजतं, कुकरची शिट्टी होते, कुणी ना कुणी त्याला उचलतं. बाजीसारखं पिल्लू आपणहून झोपत नाही. काही हलतंय तोवर ते जागंच राहणार. सहा वाजेपर्यंत त्याची अवस्था जेवणाआधी पेंगुळलेल्या, किरकिऱ्या मुलासारखी होते, फक्त याला दात आहेत. मागच्या खोलीत पिंजरा ठेवा, वर जुनी चादर टाका, आत चघळायला काहीतरी द्या आणि दुपारी दोन तास त्याला तिथं झोपवा. सासूबाईंना पिंजरा म्हणजे शिक्षा वाटेल. त्यांना सांगा, दार उघडं ठेवून, आतच खायला घालून सवय लावायची आहे. रागानं कधीच आत कोंडायचं नाही. आठवड्याभरात तो आपण होऊन आत जाऊन पडेल.

आता जे शिकवायचं त्यातलं सगळ्यात मोलाचं सांगते. 'बस', 'शेकहँड' हे त्याला कुणीही शिकवेल. त्याला काहीही न करता पडून राहणं शिकवायचंय. एक जुनी गोधडी चौघडी करून हॉलमध्ये टाका. बाजी कुतूहलानं तिच्यावर पाय ठेवेल. ठेवला की पुढच्या दोन पायांच्या मधोमध खाऊचा दाणा टाका. तोंडात भरवायचा नाही, खाली टाकायचा, म्हणजे त्याचं डोकं खाली राहतं. दाणे तिथंच पडतायत म्हटल्यावर तो थोड्या वेळानं खाली बसेल, मग लोळेल. एक मागचा पाय बाजूला टाकून कुल्ल्यावर रेलला की समजा, अंग सैल सोडलं. तेव्हा लागोपाठ तीन-चार दाणे. मग दोन दाण्यांमधली वेळ हळूहळू वाढवायची. मग तुम्ही उठून स्वयंपाकघरात जाऊन यायचं. मग थोरलीनं जवळून चालायचं, नंतर कधीतरी उड्या मारत जायचं, ताटली पाडायची. उठला तर ओरडायचं नाही. दाणे बंद, एवढंच. परत बसला की सुरू. आणि संपलं हे त्याला तुम्ही सांगायचं, एकाच ठरलेल्या शब्दानं, 'चल' म्हणा. तोवर गोधडी सोडायची नाही, हे त्याला दोन-तीन आठवड्यांत कळतं. सासूबाई संध्याकाळी मालिका बघत असतील तर ते काम त्यांच्याकडे द्या. वाटीत दाणे, शेजारी गोधडी. ज्या पदराला तो लोंबकळतो त्या पदराशेजारी निवांत पडायला शिकला की त्यांचं मतही बदलायला लागेल. दिवसभराचं खाणं ताटलीत एकदम ओतू नका; त्यातलं निम्मं तरी या कामात वापरा, म्हणजे वेगळा खाऊ देऊन पोट बिघडवावं लागणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तोंडाची भूक. या कुत्र्याला काहीतरी पकडावंसं वाटतंच, 'पकडू नको' सांगून ते जाणार नाही. त्याला पकडायला तुमची वस्तू द्या. जुन्या सुती कापडाच्या पट्ट्यांची हातभर लांब जाड वेणी घाला. ती त्याच्या तोंडावर नाचवू नका. जमिनीवरून सशासारखी त्याच्यापासून लांब पळवा. त्यानं धरली की खेचाखेची करा, आडवी आणि हलकी. सध्या त्याचे दुधाचे दात पडून नवे येतायत, हिरड्या दुखतात, त्यामुळे हिसके द्यायचे नाहीत, वर उचलायचं नाही. थोडं खेळून झालं की वेणी गुडघ्याला टेकवून हात गच्च थांबवा. काही बोलू नका. मेलेल्या वस्तूशी खेळण्यात मजा नाही हे कळून तो सोडेल. सोडल्या क्षणी 'घे' म्हणून परत खेळ सुरू. असं होता होता सोडणं हाच खेळ चालू करायचा मार्ग आहे हे त्याच्या डोक्यात बसतं. ते बसल्यावरच 'सोड' हा शब्द लावा. पुढं कधी त्याच्या तोंडात मुलाचा बूट असेल, मेलेला उंदीर असेल, तेव्हा हाच शब्द कामाला येणार आहे. हा खेळ फक्त तुम्ही आणि मिस्टरांनी खेळायचा. मुलांनी नाही.

मुलांसाठी निराळं काम आहे. त्यांना 'स्टॅच्यू' खेळता येतोच. बाजी अंगावर आला की स्टॅच्यू : हात छातीशी, नजर वर, तोंडातून आवाज नाही. पळणं आणि किंचाळणं, या दोन गोष्टींनी त्याला चेव येतो. पण पहिलीतल्या पोराकडून दर वेळी हे होईल अशी अपेक्षा ठेवू नका, त्याच्यावर ती जबाबदारी टाकूही नका. संध्याकाळी बाजीच्या गळपट्ट्याला हलकी दोरी असू द्या, टोक मोठ्या माणसाच्या हाताशी. मुलं धावपळीचं खेळत असतील तेव्हा बाजी जाळीच्या दारामागं. आणि काहीही झालं तरी मुलं आणि बाजी एका खोलीत एकटे सोडायचे नाहीत. फोन आला म्हणून गॅलरीत गेलात तरी एकाला सोबत न्या. मुलांनी त्याच्याशी खेळायचं ते शोधाशोधीचं. थोरलीनं काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात खाऊ ठेवून सोफ्यामागे लपवायचा, तुम्ही बाजीला धरून ठेवायचं, मग सोडायचं. तिला वाटेल ती पोलिसांचं श्वानपथक चालवतेय, आणि बाजीला मुलांबरोबर शांत, नाक जमिनीला लावून राहायची सवय लागेल.

रट्ट्यांबद्दल मला आडपडदा न ठेवता बोलू द्या, कारण याच एका सल्ल्यानं चांगली कुत्री वाया जाताना दिसतात. मॅलिनोइसला मारलंत तर दोनातलं एक होतं. कणखर पिल्लू त्याला कुस्ती समजतं आणि दुप्पट जोरानं उलटतं. हळवं पिल्लू दबतं आणि गुरगुरणं सोडून देतं. लोक म्हणतात, बघा सुधारला. गुरगुरणं ही त्याची सूचना होती, 'मला हे नको, लांब व्हा' एवढं सांगण्याची. ती मारून बंद केली की उद्या तो सूचना न देता चावेल, आणि घरात पहिलीतलं मूल आहे. बाजी कधी गुरगुरला तर मुलाला बाजूला घ्या, कशावरून गुरगुरला ते लक्षात ठेवा, पण त्यासाठी शिक्षा करू नका. 'त्याला आडवा पाडून दाबा, मालक कोण ते दाखवा' हाही सल्ला कुणीतरी देईल. हे खूळ पिंजऱ्यातल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आलं. तो समज पसरवण्यात ज्यांच्या पुस्तकाचा मोठा हात होता त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप हे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं असं कुटुंब असतं. काट्यांचा पट्टा, शॉकचा पट्टा यांचंही तेच. दुखण्याची चीड हा कुत्रा शेजारी जो असेल त्याच्यावर काढतो.

ट्रेनर लावणार असाल तर घरी येऊन तुम्हाला शिकवणारा बघा. दोन महिने आमच्याकडे ठेवा, तयार करून देतो म्हणणाऱ्याकडे तो त्याचं ऐकायला शिकेल, तुमचं नाही. कुत्रा चुकला की तुम्ही काय करता, असा सरळ प्रश्न विचारा. उत्तरावरून माणूस कळतो. आणि 'राखणीसाठी चावायला शिकवतो' म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. दार वाजल्यावर भुंकणं त्याला कुणी शिकवावं लागणार नाही. पुढे पंचवीस-तीस किलोचा होणारा, आधीच दातांनी विचार करणारा कुत्रा लहान मुलांच्या घरात चावायला तरबेज करणं म्हणजे आगीशी खेळ आहे.

बाहेरच्या जगाची ओळख थोडी उशिरा सुरू होतेय. पिल्लू नवं काही सहज स्वीकारतं ते वयाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. तोवर पार्व्हो या विषाणूच्या आजाराच्या भीतीनं तुम्ही त्याला घरात ठेवलं असेल तर त्यात तुमचं काही चुकलं नाही, पार्व्हो पिल्लं नेतोच. आता लशी पूर्ण झाल्यात का ते डॉक्टरांना विचारून बाहेर काढा. रस्त्यात प्रत्येकानं त्याला हात लावायची गरज नाही. मंडईपासून लांब, रिक्षा स्टँडसमोर, म्हशी पाण्यावर जातात त्या वाटेच्या कडेला दहा मिनिटं बसायचं. त्यानं बघायचं, तुम्ही खाऊ द्यायचा, घरी यायचं. ताणायला, भुंकायला लागला तर फार जवळ गेलात, मागे सरका. गणपतीच्या आधी ढोल-ताशाचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून जेवण द्यायला सुरुवात करा आणि दिवसागणिक चिमूटभर वाढवा. मिरवणुकीत मात्र नेऊ नका, या वर्षी तरी नाही.

तासगावचा मळा आहे म्हणजे घरात द्राक्षं, बेदाणे असणार. मुलांना आणि सासूबाईंना नीट समजावून सांगा : द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विषारी आहे, मूत्रपिंड निकामी होऊ शकतात, आणि एवढा चालतो असं सुरक्षित प्रमाण नाही. खाल्लेला दिसला तर तो बरा दिसतोय म्हणून थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. पहिल्या एक-दोन तासांत उलटी करवता येते. कांदा-लसणाचं उरलेलं कालवण आणि शिजवलेली हाडंही नकोत. उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत. रस्त्यावर हाताची पालथी बाजू ठेवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. ही जात उन्हात स्वतःहून थांबत नाही, थांबवावं लागतं.

सात-आठ महिन्यांचा झाला की शिकलेलं विसरल्यासारखं करेल. वयात येतोय, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळात दोरी हातातून सोडू नका आणि गोधडीचा अभ्यास पहिल्यापासून करा. नसबंदी कधी करायची हे त्याची वाढ बघून डॉक्टरांशी ठरवा.

आणि हे सगळं वाचून तुम्हाला वाटलं की नाही, आपल्याकडून एवढं रोज होणार नाही, तर तसं मिस्टरांशी आत्ताच बोला. त्यात लाज नाही. पहिल्यांदा ज्यांच्याकडून घेतला त्यांना विचारा, परत घेतात का. नाहीतर हीच जात आधी पाळलेलं, लहान मुलं नसलेलं घर शोधा, आणि तिथं बाजी कसा राहणार ते स्वतः जाऊन बघून या. फुकट मिळतोय म्हणून नेणाऱ्याला देऊ नका. पिल्लू साताठ महिन्यांचं व्हायच्या आत नवं घर सहज मिळतं. मुलाला चावल्याचा शिक्का बसलेल्या दोन वर्षांच्या कुत्र्याला कुणी दारात उभं करत नाही. देताना लसीकरणाचं कार्ड, त्याची गोधडी आणि तो कोणकोणते शब्द ओळखतो ते एका कागदावर लिहून द्या; धाकट्याच्या पोटरीचंही त्यात लिहा, लपवू नका.